वॉटसनचे बिडाचे खांब

वॉटसन हॉटेलात जमशेटजी टाटांना प्रवेश नाकारला गेला म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही गोष्ट मुंबईत इतकी चघळली गेली आहे की काळा घोड्याजवळची ती जुनी इमारत ताजच्या जन्मकथेतले खलपात्र होऊन बसली आहे. गोष्टीला भक्कम पुरावा नाही आणि अनेक इतिहासकार ती मानतही नाहीत. पण ती खरी असली तरी, आज एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाणारी ही इमारत ठेवायची की पाडायची, हे त्या गोष्टीवरून ठरू नये. ते तिच्या लोखंडावरून ठरले पाहिजे.

कापडाचे व्यापारी जॉन वॉटसन यांच्यासाठी ही वास्तू आखली रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याने. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या छताच्या कामातही त्याचा हात होता. तिच्या लोखंडी सांगाड्याचे भाग इंग्लंडमध्ये ओतले गेले, जहाजाने मुंबईत आले आणि १८६७ ते १८६९ या काळात जागेवर जोडले गेले. इथे भार खांब आणि तुळया पेलतात. विटांची भिंत म्हणजे निव्वळ आडोसा. पहिली गगनचुंबी इमारत म्हणून जिचे नाव घेतात ती शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग १८८५ची, म्हणजे या हॉटेलानंतरची. याच वास्तूत ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रे एक रुपया तिकिटात दाखवली गेली. (त्यांतल्या एका चित्रात भिंत पाडताना दाखवली होती, हा योगायोगच.) तीनच वर्षांनी छायाचित्रकार सावेदादा भाटवडेकरांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती कॅमेऱ्यात टिपली. पण सिनेमाची आठवण एखाद्या पाटीनेही जपता येईल. सांगाड्याचे काम पाटीने भागणार नाही.

यावर आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. २००५मध्ये बाल्कनीचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. २०१९मध्ये इमारत रिकामी केली गेली, आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडण्याची शिफारस केली. रहिवाशांना बाहेर काढणे योग्यच होते. वारशापायी कुणी जीव धोक्यात घालू नये. मात्र बीड दाब उत्तम सोसते, ताण सोसत नाही, आणि इथे नेमके नको तेच झाले. हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांची खुराडी झाली, शेजारच्या कोर्टामुळे वकिलांची कार्यालये थाटली गेली, पार्टिशने आणि पोटमाळे वाढले, आणि त्यांच्या भाराने सांगाड्यावरचा ताणही. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. त्या पैशांत गळके छतही दुरुस्त होत नव्हते. हा दोष मुख्यतः हेळसांडीचा आहे. शिवाय मेकॅनोसारखी जोडलेली वास्तू भागाभागाने तपासता, सोडवता आणि बदलता येते. दुरुस्ती शक्य असल्याचे सांगणारे संवर्धनतज्ज्ञही आहेत.

मग पैसा कोण घालणार? मुंबईच्या हेरिटेज नियमावलीत १९९५पासून विकासहक्क हस्तांतराची (टीडीआर), म्हणजे जागेवर न वापरता आलेला बांधकामहक्क दुसरीकडे विकण्याची सोय आहे; ती अशाच वास्तूंसाठी वापरायची असते. पाडून हुबेहूब प्रतिकृती उभारणे हा मधला मार्ग म्हणून पुढे येईल, पण तो मार्गच नव्हे: सिमेंट-काँक्रीटवर बसवलेला शोभेचा दर्शनी भाग अभियांत्रिकीच्या इतिहासातले काहीच दाखवणार नाही. भिंती नव्या करा, लाद्या बदला, पोटमाळे उखडून टाका. बिडाचे खांब मात्र जागेवरच राहिले पाहिजेत.