साडेबारा टक्के कुठून आले?

उलवे, खारघर किंवा कामोठ्यात घर पाहायला गेलेल्या माणसाच्या कानावर ‘ही इमारत साडेबारा टक्क्यांतली’ हे वाक्य पडतेच. एजंट ते जाता जाता बोलून मोकळा होतो. त्या आकड्यासाठी पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले, हे नव्याने राहायला आलेल्या अनेकांच्या गावीही नसते.

1970 मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. भातशेती, मिठागरे आणि मासेमारीवर जगणाऱ्या आगरी-कोळी कुटुंबांना मिळत होता तो 1894 च्या भूसंपादन कायद्याने ठरवलेला रोख मोबदला. पुढे शहर उभे राहून त्याच जमिनीला सोन्याचा भाव आला, तरी मूळ मालकाला त्यातला छदामही मिळणार नव्हता. जासईचे सुपुत्र, पेशाने वकील आणि शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांनी नेमके इथेच बोट ठेवले. नुसता भाव वाढवून घेऊन भागणार नव्हते, विकसित जमिनीतच हिस्सा हवा होता. पाच वेळा आमदार आणि दोन वेळा खासदार झालेल्या ‘दिबां’ना मोर्चा कसा काढायचा हे जसे ठाऊक होते, तसेच सरकारी कागद कसा हलतो हेही.

16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी उरण तालुक्यात आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी मरण पावले. महाराष्ट्र हादरला, तरी धोरण कागदावर उतरायला सहा वर्षे लागली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचा शासन निर्णय 6 मार्च 1990 चा आहे, आणि 28 ऑक्टोबर 1994 च्या निर्णयाने त्याची व्याप्ती वाढली. त्यातलेही पावणेचार टक्के सार्वजनिक सुविधांसाठी कापले जातात, म्हणजे हातात पडतात पावणेनऊच. तरीही तत्त्व टिकले. नवी मुंबई विमानतळासाठी जमीन देणाऱ्यांचा हिस्सा पुढे साडेबावीस टक्क्यांवर गेला. 2013 च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यातही शहरीकरणासाठी घेतलेल्या जमिनीपैकी 20 टक्के विकसित जमीन बाधितांना देऊ करण्याची तरतूद आली, मात्र ती किंमत आकारून.

लोकांच्या रेट्यातून कायदा घडण्याची ही वाट फौजदारी कायद्यातही अशीच वळणावळणाची असते.

1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप झाला. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, पण 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. अंगावर जखमा नाहीत, म्हणून जबरदस्ती मानता येत नाही, असा निकालाचा सूर होता. त्यावर कदाचित पडदाच पडला असता. पण सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ते हातोहात फिरले, मुंबई-दिल्लीत महिला संघटनांनी मोर्चे काढले. 1983 ची दुरुस्ती झाली ती त्यातून. पोलीस कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरायचे, असे ठरले. पीडितेची ओळख उघड करणे हाही गुन्हा झाला.

जादूटोणाविरोधी कायद्याला याहून जास्त काळ लागला. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समिती वर्षानुवर्षे मसुदा घेऊन मंत्रालयाचे उंबरठे झिजवत होते. विरोध झाला की मसुद्यातली कलमे गळत. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली आणि चार दिवसांत वटहुकूम निघाला. डिसेंबरात विधिमंडळाने कायदाही केला. संतापाने सरकारला हलवले हे खरे, पण मसुदा तयार होता म्हणूनच ते चार दिवसांत शक्य झाले.

याच्या उलट गोष्ट शक्ती विधेयकाची. महिलांवरील अत्याचारांविरुद्धच्या लोकक्षोभातून आलेले, काही गुन्ह्यांना फाशीपर्यंत शिक्षा सांगणारे हे विधेयक डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. केंद्रीय कायद्यांशी त्याचा मेळ बसेना आणि राष्ट्रपतींची संमती काही मिळाली नाही.

लोकांचा रेटा कायदा आणण्यासाठीच असतो असे नाही, येऊ घातलेला कायदा अडवण्यासाठीही असतो. कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदा कारवाया रोखण्यासाठी म्हणून राज्य सरकारने आणलेल्या जनसुरक्षा विधेयकाविरुद्ध राज्यभर सभा, मोर्चे झाले. संयुक्त चिकित्सा समितीकडे 12 हजारांहून अधिक सूचना आल्या. विधेयक मागे घ्या, ही विरोधकांची मुख्य मागणी मान्य झाली नाही. पण उद्देशाची शब्दरचना, सल्लागार मंडळाची रचना आणि तपास अधिकाऱ्याचा दर्जा बदलला, मगच जुलै 2025 मध्ये ते मंजूर झाले.

अशा सूचना पाठवायला ना पक्ष लागतो, ना वकील. पुढच्या विधेयकावर हरकती मागवल्याची जाहिरात दिसली, तर पान उलटण्याआधी तिची शेवटची तारीख तेवढी टिपून ठेवावी.