पाचवी, बारसं आणि सव्वा महिना

बाळंतिणीच्या खोलीत सगळ्यांचं लक्ष दोनच गोष्टींकडे: दूध पुरतंय का आणि बाळाचं वजन वाढतंय का. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मालिश, शेक-शेगडी यांत काही कमी पडत नाही. बाळंतिणीच्या मनाचं काय चाललंय, ते मात्र तिनं रडून गोंधळ घातल्याशिवाय कुणी विचारत नाही.

आधी शरीरात काय होतं ते पाहू. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं कित्येक पटींनी वाढलेली असतात, आणि ती बनवण्याचं मोठं काम वार करते. वार पडली की दोन-तीन दिवसांत त्यांची पातळी एकदम खाली येते. त्यात टाक्यांचं दुखणं, छातीत भरलेलं दूध आणि रात्रीची तुकड्यातुकड्यांची झोप. मग घरात पाचवीची तयारी चाललेली असताना बाळंतीण उगाचच रडू लागते. मध्येच हसते, कुणी साधं बोललं तरी तिला लागतं. निम्म्याहून अधिक बायकांचं असं होतं. हा आजार नव्हे. बारसं होऊन दोन-चार दिवस जाईपर्यंत हे आपसूक ओसरतं. तोवर तिला झोपू द्यावं आणि बाळ बघायला येणाऱ्यांची रीघ जरा आवरावी.

दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, तर मात्र प्रकरण वेगळं आहे. प्रसूतीनंतरचं नैराश्य हा उपचार लागणारा आजार आहे. तो पहिल्या वर्षात कधीही सुरू होऊ शकतो आणि कित्येकदा त्याची सुरुवात गरोदरपणातच झालेली असते. आधी नैराश्य येऊन गेलेलं असणं, नवऱ्याचा मार, पैशांची ओढाताण, मुलगी झाली म्हणून टोमणे, यांनी धोका वाढतो. थायरॉइडचा बिघाड आणि रक्त कमी असणं यांतूनही अशीच लक्षणं दिसतात, म्हणून डॉक्टर आधी रक्त तपासून घेतात.

ओळखायचं कसं? थकवा, भूक, झोप बघून फसायला होतं, कारण ती प्रत्येकच बाळंतिणीची बिघडलेली असतात. १९८७ साली स्कॉटलंडमध्ये तयार झालेल्या 'एडिनबरा' प्रश्नावलीत म्हणूनच भर मनावर आहे. प्रश्न दहा, विषय गेल्या सात दिवसांचा: हसू येतं का, उगाच स्वतःला दोष देता का, कारण नसताना भीती वाटते का. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. बाकी गुण कितीही कमी असोत, या एका प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. घरच्यांनी विचारायचा सोपा प्रश्न असा: बाळ शांत झोपलंय, आजी सांभाळायला बसलीय, तेव्हा तरी तुला झोप लागते का? संधी असूनही डोळा लागत नसेल, तर ते नुसतं जागरण नव्हे.

एक गोष्ट बायका कुणालाच सांगत नाहीत. बाळ आपल्या हातून पडेल, आपणच त्याला काही करू, अशी चित्रं डोळ्यांसमोर येतात. ती येतात म्हणून आई घाबरते, स्वतःला राक्षसीण समजते आणि गप्प बसते. अशा नकोशा विचारांची तिलाच धास्ती वाटत असते आणि उपचारांनी ते कमी होतात. पण ती रात्र-रात्र जागी आहे, असंबद्ध बोलतेय, संशय घेतेय, कानात आवाज येतात म्हणतेय, तर ती आणीबाणी समजा. हजारात एक-दोघींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, हा तीव्र मनोविकार होतो. अंगारे-धुपारे करण्यात दिवस घालवू नयेत. तिला एकटं न सोडता थेट दवाखान्यात न्यावं.

सौम्य नैराश्यात समुपदेशन आणि घरची खरी मदत यांनी बरंच काम होतं. त्रास जास्त असेल तर गोळ्या लागतात. त्यांसाठी अंगावरचं पाजणं सोडावं लागतं, हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो. सर्ट्रालिनसारखं औषध दुधात फार कमी उतरतं. गुण यायला काही आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही काही महिने गोळ्या चालूच ठेवायच्या असतात. कुठे जावं हे सुचत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. नवजात बाळासाठी आशाताई ४२ व्या दिवसापर्यंत घरी येतात. त्यांनाही सांगावं.

माझ्या मते खरी गळती होते ती पाठवणीत. माहेरी सुरू झालेला उपचार सासरी पोचतच नाही. म्हणून लेक निघताना बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी द्या, आणि गोळ्या कधीपर्यंत घ्यायच्या ते जावयाला समोर बसवून सांगा.