पोर सांभाळायचा रोज किती? गावात वेगळा, पुण्यात वेगळा

रहिमतपूर : आले आणि सोयाबीनच्या भांगलणीचे दिवस आले की रहिमतपूर, साप, धामणेर, वाठार किरोली या पट्ट्यात बायकांची टोळी मिळणे मुश्कील होते. टोळीची म्होरकी आदल्या सांजेलाच दारोदार फिरून उद्याची माणसे धरून ठेवते. ज्या घरात तान्हे लेकरू आहे तिथे मात्र तिला एकच सवाल ऐकावा लागतो, ‘येते की, पण पोराकडं कोण बघणार?’ सासू धडधाकट असली तर प्रश्न मिटतो. शेजारीण भली असली तर चार दिवस निभते. दोन्ही नसेल तर थोरली पोरगी शाळा बुडवून घरी थांबते, आणि तेही जमले नाही तर बाईचा रोज बुडतो, शेतकऱ्याचे तण वाढते.

याच गावची एखादी बाई रेल्वेत बसून पुण्याला गेली आणि हडपसर किंवा कोथरूडला एका घरात बाळ सांभाळायला राहिली, तर तिला महिन्याला रोख पगार मिळतो, दोन वेळचे जेवण मिळते. लेकरू तेवढेच, रडणे तेवढेच, दूध-भात भरवणे तेच. मग गावात या कामाला पैसा का नाही? पुण्याची माणसे उदार आणि गावची चिकट, असे काही नाही. कारण साध्या हिशेबात आहे.

पोर सांभाळणारीचा पगार तिच्या कामावर ठरत नाही, तो पोराच्या आईच्या कमाईवर ठरतो. आई कंपनीत महिन्याला साठ-सत्तर हजार मिळवत असेल, तर त्यातले पंधरा-वीस हजार ती बाळापायी सोडू शकते. आईचा रोजच तीनशे रुपये असेल तर ती पोर सांभाळणारीला तीनशे कशी देणार? दिले तर तिने भांगलायला जायचे कशाला? म्हणून एका पोराला एक बाई, हा प्रकार शहरातच चालतो. मोठ्या शहरात जास्त, साताऱ्यासारख्या शहरात त्याहून कमी, कोरेगाव-रहिमतपूरसारख्या गावात नोकरदारांच्या चार घरांत, आणि वाडीवस्तीवर मुळीच नाही. शहरातसुद्धा ज्या पेठेत भाडी कमी, तिथे हा पगारही कमी, कारण तिथल्या आईची मिळकत कमी.

पुण्याचा पगार खरोखर जास्त आहे का?

गावाकडे आकडा ऐकला की डोळे विस्फारतात. पण आकडा ऐकून घेतला तसा तो मोडूनही पाहावा. हिशेबापुरते धरू की पुण्यात घरी राहून बाळ सांभाळणाऱ्या बाईला महिना अठरा हजार ठरले. म्हणजे दिवसाला सहाशे. राहती बाई सकाळी सहाला उठते आणि बाळ झोपेपर्यंत, रात्री आठपर्यंत, तिच्या अंगावर काम असते. हे झाले चौदा तास. सहाशेला चौदाने भागा. तासाला त्रेचाळीस रुपयेसुद्धा पुरते भरत नाहीत. आता इकडे भांगलणीचा रोज तीनशे धरा आणि कामाचे तास सात. तासाला तेवढेच! म्हणजे पुण्याने दर वाढवला नाही, तास दुप्पट केले. रात्री बाळ दोनदा उठले तर तो हिशेब आणखी खाली जातो.

अर्थात दुसरी बाजूही आहे. गावात महिन्याचे तीस दिवस काम मिळत नाही. पावसाने उघडीप दिली नाही तर आठवडा कोरडा जातो, आणि उन्हाळ्यात पाणी नसलेल्या शिवारात बाईला काम कोण देणार? पुण्यात पगार बारा महिने येतो, जेवणखाण मालकाकडे असते, आणि म्हणूनच एकट्या पडलेल्या, पोरेबाळे मोठी झालेल्या बाईला ते परवडते. मागे लहान लेकरू ठेवून जाणारीला मात्र परवडते असे आम्हाला वाटत नाही. दुसऱ्याचे पोर सांभाळायला जायचे आणि आपले आजीच्या पदराला बांधायचे, त्या आजीचा रोज कोणत्याच हिशेबात धरलेला नसतो.

मध्ये दलाल असतो, तोही विसरू नये. शहरातले ब्युरोवाले मालकाकडून पैसे घेतात आणि काही बाईच्या पहिल्या पगारातूनही कापतात. बोलताना ‘फक्त बाळाचं बघायचं’ असे सांगतात, पोचल्यावर धुणे, भांडी, पोळ्या सगळे पुढ्यात येते. म्हणून निघायच्या आधीच चार गोष्टी बोलून आणि शक्य तर कागदावर लिहून घ्याव्यात : काम कोणते, तास किती, महिन्यात सुट्ट्या किती, गावाला जायला रजा मिळणार की पगार कापणार. ओळखीतून जाणाऱ्या बाईला तर हे बोलायची जास्त लाज वाटते. पाहुण्याच्या घरी पगार कसा विचारायचा? पण गावाकडचा पाहुणा पुण्यात मालकच असतो.

सरकारचा दर कुठे आहे, कुठे नाही

किमान वेतनाचा कायदा १९४८ साली आला. आता त्याच्या जागी वेतन संहिता आहे, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. दुकानात, कारखान्यात, हॉटेलात किमान किती द्यायचे हे राज्य सरकार ठरवते. त्यासाठी आपल्या राज्यात परिमंडळे पाडलेली असतात. मोठ्या महानगरपालिका पहिल्यात, खेडी शेवटच्यात. शहराला जास्त, खेड्याला कमी. वर महागाईप्रमाणे दर सहा महिन्यांनी विशेष भत्ता बदलतो. म्हणजे गावागणिक दर वेगळा, ही गोष्ट सरकारनेही मान्य केलेली आहे.

पण हे सगळे उंबऱ्याबाहेर. घरातल्या कामाला, म्हणजे धुणेभांडी आणि बाळ सांभाळणे याला, महाराष्ट्रात किमान दर ठरलेला नाही. सांगलीच्या पलीकडे लागलेल्या कर्नाटकाने २००४ साली घरकामगारांचा किमान दर काढला. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात नोंदणी झालेल्या बाईला मदतीच्या योजना आहेत, दर नाही. नोंदणीचा उपयोग काय, हे कोरोनाच्या काळात दिसले. २०२१ साली सरकारने नोंदणी असलेल्या घरकामगारांना दीड हजार रुपये दिले, नाव नसलेल्या बायका कोरड्या राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ च्या निकालात घरकामगारांसाठी कायदा करण्याबाबत समिती नेमायला केंद्राला सांगितले.

सरकार स्वतः पोरे सांभाळायला कोणाला पैसे देते? अंगणवाडीताईला. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तिला आता पन्नास वर्षे होऊन गेली. सेविकेला मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. नावातच मान दिला की दाम कमी दिला तरी चालतो, असा तो प्रकार आहे. २०१८ पासून केंद्राने आपला हिस्सा सेविकेला साडेचार हजार आणि मदतनिसाला सव्वादोन हजार धरून महिन्याचे मानधन काढले, वरची भर राज्याने घालायची. महाराष्ट्रात २०२३ साली सेविकेचे मानधन दहा हजार झाले आणि मदतनिसाचे साडेपाच हजार. त्याच वर्षी डिसेंबरपासून पुन्हा राज्यभर संप झाला, तो जानेवारी २०२४ पर्यंत चालला. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी वाढ झाली. ग्रॅच्युइटीचा हक्क तर सर्वोच्च न्यायालयात जाऊन मिळाला, २५ एप्रिल २०२२ रोजी, तोही गुजरातच्या सेविका लढल्या म्हणून.

इथे गंमत पाहा. बाजारात पोर सांभाळायचा दर गावागणिक बदलतो, अंगणवाडीत तो बदलत नाही. धारावीची सेविका आणि साप गावची सेविका, मानधन एकच. त्याच पैशात साप गावात घर निदान चालते तरी, मुंबईत तेवढ्यात खोलीचे भाडे निघत नाही. दुसरीकडे राज्याची हद्द ओलांडली की मानधन बदलते, कारण राज्याची भर सगळीकडे सारखी नाही.

शेतकरी घरांच्या दृष्टीने मात्र अंगणवाडीची खरी अडचण मानधनाची नाही, वेळेची आणि वयाची आहे. अंगणवाडीत बसणारे मूल तीन वर्षांच्या पुढचे. ती भरते काही तास. आईची पात मात्र ऊन उतरेपर्यंत चालते. तीन वर्षांच्या आतले पोर कुठे ठेवायचे? त्यासाठी केंद्राची पाळणाघर योजना आहे, २०२२ पासून ती ‘पाळणा’ या नावाने चालते, आणि अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर काढायची तीत सोय आहे. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुले, दिवसभर. आपल्या भागातल्या सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे याची लेखी मागणी करावी. सभागृह बांधायच्या ठरावाला जेवढी घाई होते, तेवढी इथे दिसत नाही.

दुष्काळी कामावरची सावली

ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली आणि सुकडी खाल्ली, त्या म्हाताऱ्यांना एक गोष्ट आठवत असेल. कामावर कुठेतरी झाडाखाली पोरांचा घोळका असायचा आणि एक बाई त्यांच्याजवळ असायची. रोजगार हमीचा पहिला प्रयोग आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला, वि. स. पागे यांनी केला, १९६५ साली. पुढे राज्याचा कायदा १९७७ साली झाला. हमीच्या कामावर बायका येणार म्हणजे पोरे येणार, हे त्या योजनेने ओळखले होते.

केंद्राच्या २००५ च्या कायद्याने हे स्पष्ट लिहिले. कामावर सहा वर्षांच्या आतली पाच किंवा जास्त मुले असतील, तर कामावरच्या एका बाईला त्यांना सांभाळायला नेमायचे आणि तिलाही बाकीच्यांइतकाच रोज द्यायचा. देशात पोर सांभाळण्याची किंमत मातीकामाइतकीच धरणारी ही मोठी तरतूद. त्यातही प्रांताप्रमाणे फरक होताच : २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा रोज ३१२ रुपये, कर्नाटकाचा ३७०, गोव्याचा ३७८, हरियाणाचा ४००, आणि मध्य प्रदेश-छत्तीसगडचा २६१. म्हणजे मिरजेच्या पलीकडे हद्द ओलांडली की त्याच सावलीत बसून त्याच पोरांना सांभाळणारीला अठ्ठावन्न रुपये जास्त. कागदावरची ही तरतूद किती कामांवर पाळली गेली, ते ग्रामसेवक मंडळींनी आपापल्या हजेरीपटावरून पाहावे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. नव्या कायद्याखाली कामे निघतील तेव्हा सांभाळणारीचे नाव पहिल्या दिवसापासून हजेरीवर घ्या, असा ठराव ग्रामसभेला करता येतो.

खासगी शेतावरही हे जमण्यासारखे आहे. टोळीत दहा बायका आहेत आणि त्यांची पाच-सहा पोरे आहेत. नऊजणींनी पात धरायची, दहावीने बांधावरच्या आंब्याखाली पोरे धरायची. नऊजणींचे तीनशेप्रमाणे सत्तावीसशे झाले, ते दहाजणींत वाटायचे. प्रत्येकीला दोनशे सत्तर. म्हणजे प्रत्येकीला दिवसाला तीस रुपये पडले, आणि बदल्यात पोर विहिरीकडे जात नाही, औषधाच्या डब्याला हात लावत नाही, थोरली पोरगी शाळेत जाते. आपल्याकडे पैऱ्याची रीत जुनीच आहे, बैलाचा पैरा होतो तसा हा. ज्यांना लेकरू नाही त्या बायका कुरकुर करतील, हे खरे. तिथे शेतकऱ्यानेच दहावीचा रोज सोसला तर टोळी त्याच्याच रानात आधी येईल. मजूर मिळत नाही म्हणून ओरडणाऱ्या बागायतदाराला तीनशे रुपयांत दहा बायकांची खात्री, हा सौदा महाग नाही.

ऊसतोडीच्या हंगामात तर हा प्रश्न डोळ्यांसमोर उभा असतो. बीड-नगरकडून कोयते येतात, नवराबायको पहाटे फडात, आणि खोपीत सात-आठ वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन. कोयत्याला उचल मिळते, टनावर तोडणी मिळते. त्या पोरीचा दर मात्र करारात कुठेच नाही. तिची शाळा गावाकडे पडलेली असते. कारखान्यांनी आणि ज्यांच्या गावात खोप्या पडतात त्या ग्रामपंचायतींनी निदान हंगामापुरती एक बाई तिथे नेमली, तर ती पोरगी गावच्या शाळेत बसू शकेल.

अमेरिकेत आपल्या भागातले बरेच जण आहेत. तिथे हा दर तासावर असतो आणि तिथेही राज्याप्रमाणे बदलतो. देशाचा किमान दर २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर, तर कॅलिफोर्नियात २०२५ साली तो साडेसोळा होता. म्हणजे आठ तासांचे सव्वाशे डॉलरच्या वर. हे परवडत नाही म्हणून मग साताऱ्याहून सहा महिने आई जाते, पुढचे सहा महिने सासू जाते. तिकीट मुलगा काढतो, रोज कोणी विचारत नाही. मिळवत्या माणसालाही पोर सांभाळायचा पूर्ण दाम देणे जड जाते, तिथे भांगलणाऱ्या बाईचे काय घेऊन बसलात!

पुण्यात घरकाम वा बाळाचे काम करणाऱ्या, अठरा ते साठ वयाच्या बायकांनी तिथल्या कामगार कार्यालयात जाऊन घरेलू कामगार मंडळात नाव नोंदवावे. आधार कार्ड, फोटो, बँकेचे पासबुक आणि ज्या घरी काम करता तिथला दाखला जवळ ठेवावा. दाखला द्यायला मालक का-कू करत असेल, तर तो पगाराच्या दिवशी न मागता कामाला लागतानाच मागून घ्यावा. बाळाला नवी बाई शोधायची गरज तेव्हा त्याला असते.