पट मोजतात सप्टेंबरात, मुले येतात दिवाळीच्या सुमारास! ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेवर देखरेख कोणाची?

राहू (ता. दौंड) : मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांमधला राहू बेट परिसर उसाचा. गाळप हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. सोबत मुलेही येतात. कोपीवर राहणाऱ्या या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी कोणाची? समजून घेऊया.

जिल्हा परिषद शाळेवर देखरेख कोण ठेवते?
मुख्याध्यापकांच्या वर केंद्रप्रमुख, मग विस्तार अधिकारी, पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक). त्यापुढे विभागीय उपसंचालक, संचालक आणि शिक्षण आयुक्त. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले. त्यामुळे कायदा केंद्राचाही चालतो, पण शाळा चालवण्याचा मुख्य भार राज्यावरच आहे.

मग अडते कुठे?
ही सगळी साखळी आकड्यांवर चालते. शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते. गाळप मात्र साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते. म्हणजे ही मुले पटावर मोजली जातात गावाकडच्या शाळेत आणि हंगामात असतात इथल्या फडाशेजारी. जिथे शिक्षक मंजूर, तिथे मूल नाही. जिथे मूल आहे, तिथे त्याच्या नावाचा शिक्षक नाही. कागदावर मात्र दोन्हीकडे सारे ठीक दिसते.

कायदा काय सांगतो?
1 एप्रिल 2010 पासून लागू असलेला शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयोगटासाठी आहे.
• स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे (कलम 9).
• शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही (कलम 5).
• जन्मदाखला नाही, हे कारण चालत नाही (कलम 14).
• वर्षाच्या मधेच आले तरी प्रवेश द्यावाच लागतो (कलम 15).

राज्याने काय सोय केली?
दोन मार्ग आहेत. मूल गावीच राहावे म्हणून हंगामी वसतिगृह. पालकांसोबत निघाले, तर शिक्षण हमी कार्ड. ते नव्या शाळेत दाखवले की मुलाचे शिक्षण कुठवर झाले, हे शिक्षकांना कळते.

पालक आणि गावकरी काय करू शकतात?
शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. शाळेच्या कामावर आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे त्यांचे कायदेशीर काम आहे. टोळी उतरली की कोपीवर जाऊन मुलांची यादी करून मुख्याध्यापकांकडे देणे, ही समितीची पहिली पायरी ठरू शकते. प्रवेश नाकारला तर कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा. त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते.

पण हंगाम असतो पाच-सहा महिन्यांचा. तीन महिने तक्रारीतच गेले, तर मुलाच्या हाती शाळेचे किती दिवस उरतील? म्हणून पहिल्याच आठवड्यात पटावर नाव लागणे महत्त्वाचे.