टवका आणि पोपडा

गेल्या दसऱ्याला सोनं लुटायच्या आधी आमच्या दारात स्कूटर आली. अगदी माझी स्वतःची! तीन वर्षांची भिशी, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेऊन बाजूला टाकलेले पैसे आणि उरलेली भर ह्यांची. वस्तीत बायकांच्या बैठकांना जायचं म्हणजे आजवर रिक्षा नाहीतर पायपीट. आता ती संपणार होती. रंगावरून घरात बरीच चर्चा झाली. “करडा घे, धूळ दिसत नाही,” हे म्हणाले. लेकीला पांढरा हवा होता. मी मात्र कुणाचं न ऐकता मोरपंखी घेतला. आयुष्यभर सगळ्यांच्या आवडीनं पडदे आणि चादरी घेतल्या, निदान गाडी तरी माझ्या आवडीची!

सांगलीच्या गणपतीसमोर नेऊन हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. सगळं यथासांग झालं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी गाडी पुसत होते. सीटच्या खाली डाव्या बाजूचं जे पॅनल असतं, त्याच्या कडेला फडकं अडकल्यासारखं झालं. बघते तर नखाएवढा रंगाचा पापुद्रा उचललेला! जरा वाकून पाहिलं, तर त्याच कडेला आणखी तीन ठिकाणी तसंच. उजवीकडे बघितलं, तिथेही एक. पुढच्या मडगार्डवर दोन पांढरे ठिपके होतेच. माझ्या पोटात गोळाच आला. गाडी जेमतेम तीन महिन्यांची!

हे म्हणाले, “चालतेय ना नीट? मग रंगाचं काय एवढं!” सासूबाई तीळ भाजत होत्या. हातातला उलथनं तसंच धरून म्हणाल्या, “नवी पैठणी घडीतच विरली, तर नेसता येतेय ना म्हणून गप्प बसशील का गं?”

झालं, दुसऱ्या दिवशी तिळगूळ वाटायच्या आधी मी शोरूमच्या सर्व्हिस काउंटरवर हजर!

तिथल्या तरुण मुलानं गाडीकडे लांबूनच एक नजर टाकली. “मॅडम, बांगड्या लागल्या असतील.”

“कुठे? सीटच्या खाली?”

“नाहीतर पर्सची चेन. लेडीजच्या गाड्यांना होतं असं. आणि रंग वॉरंटीत नसतो. सातशे रुपयांत टचअप करून देतो, कळणारपण नाही.”

माझ्यामागे रांग होती. एकदोघं हसल्यासारखं वाटलं. खरं सांगते, क्षणभर मलाच शंका आली, लागल्या असतील का बांगड्या? मी मुकाट्यानं गाडी वळवली.

घरी आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, “काय म्हणाला?” मी सांगितलं. “लिहून दिलं का त्यानं तसं?”

मी गप्प. रेशनकार्डाचा अर्ज असो की निराधार योजनेचा, ‘पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही’ असं वस्तीतल्या बायकांना गेली बारा वर्षं मी ओरडून सांगतेय. आणि स्वतःच्या गाडीच्या वेळी मात्र साधी चिठ्ठीसुद्धा न घेता परत आले होते! तारीख नाही, तक्रार नाही, नकारही नाही. उद्या हाच मुलगा म्हणाला असता, “मॅडम कधी आल्याच नव्हत्या,” तर?

त्या रात्री चष्मा लावून वॉरंटीची पुस्तिका काढली. गाडी घेताना आपण काय ठेवतो? किल्ल्या जपून ठेवतो आणि पुस्तिका डिकीत टाकतो. बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की, दगड-खडी लागून, अपघातानं, उन्हापावसानं किंवा रसायनांनी रंग खराब झाला तर तो वॉरंटीत धरला जाणार नाही. पण ‘रंग वॉरंटीत नसतो’ असं सरसकट वाक्य काही मला सापडलं नाही. निर्मितीत दोष असलेला भाग कंपनी दुरुस्त करून किंवा बदलून देईल, हे मात्र पहिल्याच पानावर होतं. म्हणजे सगळा प्रश्न एकाच गोष्टीवर येऊन ठेपला. हे बाहेरून लागलंय, की आतूनच सुटलंय?

ते कोण सांगणार? मिरजेच्या वाटेवर एक जुने डेंटिंग-पेंटिंगवाले चाचा आहेत. त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, उकिडवे बसून बोटानं कड चाचपली आणि म्हणाले, “वहिनी, हा टवका नाही. पोपडा आहे.”

किती नेमका शब्द! खडी उडून लागली की टवका उडतो. तो लहान असतो, गाडीच्या पुढच्या भागावर किंवा खालच्या बाजूला असतो, आणि नीट पाहिलं तर तिथे मार लागल्याची खूण दिसते. बांगडी किंवा किल्ली घासली तर ओरखडा उठतो, म्हणजे रेघ. पोपडा मात्र भिंतीला ओल आल्यावर सुटतो तसा सुटतो. कडेपासून उचलला जातो, खालचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि धड असतो, आणि जिथे काही लागण्याचा संभवच नाही अशा ठिकाणीही निघतो.

चाचांनी चहा पिता पिता माझा रंगाचा वर्गच घेतला. गाडीच्या पत्र्यावर रंग म्हणजे एक थर नसतो. आधी पत्रा धुऊन त्यावर फॉस्फेटचा हात, मग विजेच्या प्रवाहानं चढवलेला गंजरोधक प्रायमर, त्यावर दुसरा प्रायमर, मग खरा रंग आणि सगळ्यात वर चकाकीचा पारदर्शक थर. एवढं सगळं मिळून जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका कागदाएवढी! आणि स्कूटरची बरीचशी पॅनलं तर प्लॅस्टिकची. काही प्लॅस्टिकवर रंग मुळातच नीट धरत नाही, आधी त्याची खास तयारी करावी लागते. साच्यातून काढताना राहिलेला तेलकटपणा पुरता निघाला नाही किंवा प्रायमर नीट बसला नाही, तर वरचा रंग दिसतो झकास, पण काही महिन्यांत पापुद्रा धरतो. पोळीला तूप लावून घडी घातली की पदर सुटतात ना, तसंच!

मग त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, “टचअप करू देऊ नका. कुणाकडेच नाही, माझ्याकडेपण नाही. रंगवलं की पुरावा गेला.” आणि दुसरी, “पुढच्या मडगार्डवरचे दोन ठिपके खडीचे आहेत. ते मागू नका. खोटं एक मागितलं की खरी चार जातात.”

मी तर ते दोन ठिपकेही तक्रारीत धरले होते. ते मुकाट्यानं खोडले.

या वेळी शोरूममध्ये गेले ती तयारीनं. दिवसाउजेडी काढलेले फोटो, त्यात एक पूर्ण गाडीचा नंबरप्लेटसकट, बाकीचे जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. खरेदीची पावती आणि वॉरंटीच्या पुस्तिकेची प्रत. “आधी जॉब कार्ड करा,” मी म्हटलं. मुलानं लिहिलं, ‘पॅनलवर ओरखडे.’ मी म्हटलं, “ओरखडे नाहीत. रंगाचे पोपडे सुटत आहेत, असं लिहा.” तो म्हणाला, “एकच की हो मॅडम.” मी म्हटलं, “एकच असेल तर मी म्हणते ते लिहा!” त्यानं लिहिलं. “आता वॉरंटी नाकारत असाल तर कारणासकट तेही लिहून सही करा.” तेव्हा मात्र तो उठून मॅनेजरना घेऊन आला. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. तोंडी ‘नाही’ म्हणणं सोपं असतं, त्याखाली सही करायची वेळ आली की माणूस विचार करतो. “कंपनीला कळवतो,” असं ते म्हणाले. मी जॉब कार्डची प्रत घेऊनच निघाले.

पंधरा दिवस काहीच हाललं नाही. मग मी कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला फोटो जोडून ईमेल पाठवला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे, ती कुणाला हुकूम देऊ शकत नाही. पण तक्रारीला क्रमांक मिळतो आणि ती कंपनीपर्यंत पोचवून उत्तर मागितलं जातं. पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात.

तिथेही मिटली नाही तर? तर जिल्हा ग्राहक आयोग. १९८६ च्या जुन्या कायद्याच्या जागी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातल्या चार गोष्टी प्रत्येकीनं लक्षात ठेवाव्यात. वस्तू कुठेही घेतलेली असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील हवाच असं नाही, आपली बाजू आपण मांडू शकतो. आणि कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करायला हवी. १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल करायची सोय झाली आहे. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, मात्र त्याचा खर्च आधी आपल्याला भरावा लागतो. शिवाय कायद्यातली ‘दोषा’ची व्याख्या मोठी आहे, वस्तूच्या गुणवत्तेतली कोणतीही उणीव तिच्यात बसते.

माझ्यावर मात्र तिथवर जायची वेळ आली नाही. शिमग्याच्या आधी फोन आला, कंपनीचे इंजिनिअर येणार आहेत. आले. शांत गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही पॅनलं खोलायला सांगितली आणि डावं पॅनल उलटं करून उजेडात धरलं. आतल्या वळलेल्या कडेलाही रंग सुटत होता. गाडी खोलल्याशिवाय जिथे बोटही पोचत नाही, तिथे! मी त्या सर्व्हिस काउंटरच्या मुलाकडे पाहिलं आणि माझ्या हातातल्या बांगड्या जराशा वाजवल्या. मोह आवरला नाही!

दोन्ही पॅनलं कंपनीनं विनामूल्य बदलून दिली. इंजिनिअर स्वतःहूनच म्हणाले, “मडगार्डवरचे ठिपके मात्र खडीचे आहेत.” मी म्हटलं, “माहितीये. ते तक्रारीत नाहीतच.” ते हसले. मला वाटतं, त्या एका वाक्यानं माझ्या बाकीच्या तक्रारीवर त्यांचा विश्वास बसला असावा.

सगळं गोड झालं असं नाही. नव्या पॅनलांचा मोरपंखी उरलेल्या गाडीपेक्षा किंचित गडद आहे. उन्हात उभी केली की मला कळतं, इतरांना नाही. सहा-सात हेलपाटे झाले, दोन बैठका बुडाल्या. सातशे रुपयांत काम होत होतं, मग एवढा खटाटोप कशाला, असं हे अजूनही अधूनमधून म्हणतात.

कशाला ते मला पाडव्यानंतर कळलं. आमच्या वस्तीतली एक बाई डबे पोचवते. कर्ज काढून तिनं स्कूटर घेतली, कंपनी वेगळी. पाच महिन्यांत पुढच्या भागाचा रंग सोलून निघायला लागला. “तुम्ही डब्याची पिशवी घासता,” असं सांगून तिच्याकडून टचअपचे दीड हजार घेतले होते. दोन महिन्यांनी पोपडे पुन्हा तयार! तिच्या मनात वेगळीच भीती होती. गाडी धंद्याला वापरतो म्हणून आपल्याला तक्रार करता येत नसेल. पण येते. जी वस्तू केवळ स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली असते, ती कायदा व्यापारी कामासाठी घेतलेली मानत नाही. डबेवाली बाईही ग्राहकच आहे.

तिचे दीड हजार परत मिळतील की नाही, मला माहीत नाही. टचअपमुळे मूळचा पुरावा झाकला गेला आहे. पण जिथे टचअप झालेलं नाही तिथेही आता रंग सुटतोय, त्याचे फोटो आम्ही काढलेत. डिलिव्हरी घेताना काय पाहायचं, याचीही एक बैठक आम्ही घेतली. हार घालायच्या आधी गाडी उजेडात उभी करायची, पॅनलांच्या कडा बोटानं चाचपायच्या, काही आढळलं तर डिलिव्हरीच्या कागदावर लिहूनच सही करायची.

परवा ती बाई एकटीच शोरूमला जाऊन आली. मी म्हटलं होतं, बरोबर येते. तर म्हणाली, “नको ताई, तुमची बैठक बुडेल.” संध्याकाळी दारात उभी. मी काही विचारायच्या आधीच आतून सासूबाईंचा आवाज आला, “पोच घेतलीस का गं?”

तिनं पदराखालून जॉब कार्डची प्रत काढून दाखवली. त्यावर लिहिलं होतं, ‘रंगाचे पोपडे सुटत आहेत.’