फरशीवरची काळी रेघ : ओरखडा की नुसता डाग?



उसाचं पान पिवळं दिसलं की आपल्यापैकी बरेच जण आधी युरियाचं पोतं उघडतात. पण पान हातात घेऊन नीट पाहावं. कोवळी पानं आधी पिवळी पडली आहेत, शिरा मात्र हिरव्या आहेत, तर तो केवडा. लोहाची कमतरता. तिथं युरिया कितीही टाकला तरी केवडा जात नाही. आधी ओळख, मग उपाय, हे मी गटात फिरताना नेहमी सांगत असतो. आज तेच घरातल्या फरशीबद्दल सांगायचं आहे.

गेल्या हंगामात उमरी भागातल्या एका सभासदाकडे लागणीच्या नोंदीसाठी गेलो होतो. नवं घर, पांढऱ्या चमकदार टाईल्स, आणि महिन्याभरापूर्वीच घरात आलेली नवी सून. तिनं लोखंडी पेटी ओढून कोपऱ्यात लावली तर फरशीवर पाच काळ्या रेघा उठल्या. घरात दोन दिवस तीच बोलणी चालली होती. मालक मला म्हणाले, "साहेब, फरशी गेली बघा. गवंडी म्हणतो, उचकटून नवी टाका. आता उसाचं बिल आलं की तेच काम."

मी म्हणालो, "काका, बिलाचं नंतर बघू. आधी एक लिंबू आणि खाण्याचा सोडा द्या."

रेघ कशी पडते?

सोनाराकडची कसोटी सगळ्यांनी पाहिली आहे. काळ्या दगडावर सोनं घासलं की पिवळी रेघ उठते. दगडाला ओरखडा पडतो का? नाही. सोनं मऊ, दगड कठीण, म्हणून सोन्याचाच थोडा अंश दगडावर राहतो. पुढं सोनार त्या रेघेवर ॲसिड लावून कस पाहतो. कमअस्सल असेल तर रेघ विरते, दगड जसाच्या तसा.

टाईलचंही तसंच आहे. मातीची टाईल भट्टीत १००० अंशांहून जास्त तापमानाला भाजतात, तेव्हा तिच्यावर काचेसारखा एक थर वितळून बसतो. त्यालाच ग्लेझ म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ मोह्स यांनी १८१२ साली कठीणपणा मोजण्याची १ ते १० अशी पट्टी सांगितली. तीत ॲल्युमिनियम ३ च्या आसपास, साधं लोखंड ४ च्या आसपास, टाईलचा ग्लेझ बहुतेक ५ ते ७, आणि वाळूचा कण ७. म्हणजे पेटी, कढई, दुधाचा कॅन किंवा गॅसची टाकी फरशीवर ओढली तर बहुतेक वेळा झिजतं ते भांडं, फरशी नव्हे. दिसते ती धातूची रेघ. फरशीला खरा ओरखडा पडतो तो पायाखाली, पेटीखाली आलेल्या वाळूच्या कणानं.

ओळखायचं कसं?

जागा साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडी करा. रेघेवर आडवं नख फिरवा. नख सरळ निघून गेलं तर बहुधा डाग आहे, तो निघेल. नख अडकलं तर ओरखडा आहे, ग्लेझच निघालेला आहे. तो घासून जाणार नाही, उलट वाढेल.

डाग काढायचा कसा?

हलक्या उपायापासून सुरुवात करावी.

१) खाण्याचा सोडा पाण्यात कालवून घट्ट लेप करा. ओल्या सुती फडक्यानं दोन-तीन मिनिटं घासा. ॲल्युमिनियमची करडी रेघ पुष्कळदा एवढ्यानंच जाते. पांढरी टूथपेस्टही चालते.

२) सोडा धुऊन काढा. मग लिंबाचा रस, किंवा कपभर कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड (लिंबाचं सत्त्व) घ्या. त्यात फडकं भिजवून रेघेवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा, घासा आणि भरपूर पाण्यानं धुवा. पितळेची भांडी आपण चिंचेनं लखलखीत करतो, ते याच आंबटपणाच्या जोरावर. सोडा आणि लिंबू एकत्र कालवू नका. फेस छान येतो, पण दोघांचाही जोर मारला जातो.

३) लोखंडाचा जुना, गंजलेला डाग एवढ्यानं गेला नाही तर ऑक्झॅलिक ॲसिड. मोझॅक फरशीला पॉलिश करणारे शेवटच्या हाताला जी पांढरी पूड वापरतात, ती हीच. कपभर पाण्यात चमचाभर पुरे. ही पूड विषारी आहे. हातात रबरी मोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, काम झाल्यावर जागा दोनदा धुवा. पूड साखरेच्या किंवा मिठाच्या बरणीशेजारी ठेवू नका, पोरांच्या हाती लागू देऊ नका.

काय करू नये?

लोखंडी तारेची घासणी नको. तीच नव्या रेघा पाडते. पॉलिश पेपर, वाळू, चुलीची राख नको. राखेत बारीक खर असते, आणि बगॅसच्या राखेत तर वाळूचाच अंश भरपूर असतो.

संडास धुण्याचं ॲसिड फरशीवर ओतू नका. सांध्यातलं सिमेंट खाऊन टाकतं. आणि कुठलंही ॲसिड ब्लीचिंग पावडरीत मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर सांगितलेला आंबट उपाय फक्त टाईलसाठी आहे. आपल्याकडे घरोघर शहाबादी फरशी आणि कडप्प्याचा ओटा आहे. हे दोन्ही चुनखडीचे दगड. संगमरवर आणि मोझॅक यांतही चुना आहे. त्यांच्यावर लिंबू पडलं तरी दगड खाल्ला जातो आणि कायमचा पांढरट, निस्तेज डाग पडतो. शंका असेल तर एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका. बुडबुडे आले तर तिथं साबण आणि पाण्याशिवाय काही लावू नका. बुडबुडे दिसले नाहीत, तरी आधी त्या कोपऱ्यावरच उपाय करून बघा.

ओरखडा असेल तर?

सगळी फरशी उचकटायची गरज नाही. तेवढी एक टाईल काढून दुसरी बसवता येते. म्हणून घर बांधताना पाच-दहा टाईल्स जास्त घेऊन ठेवाव्यात. पुढं त्याच रंगाचा माल मिळेलच असं नाही.

आणि मुळात रेघ पडूच नये म्हणून पेटी, कोठी ओढताना खाली पोतं घाला. गॅसच्या टाकीखाली रबराचा तुकडा ठेवा. रानातून आल्यावर चप्पल बाहेर काढा आणि उंबऱ्याशी पायपुसणं टाका. पायाबरोबर आत येणारी वाळू हाच फरशीचा खरा शत्रू.

त्या दिवशी त्या घरी पहिली रेघ मी घासली. ती निघाल्यावर सुनबाई पुढं आल्या, "साहेब, द्या इकडं," म्हणून फडकं घेतलं आणि बाकीच्या त्यांनीच पुसल्या. पाचांपैकी चार साफ गेल्या. पाचव्या रेघेत नख अडकलं. पेटीच्या कोपऱ्याखाली खडा आला होता. काकांनी ते पाहिलं, थोडा वेळ गप्प राहिले, आणि म्हणाले, "एकच टाईल हाय की मग. उगंच पोरीला बोललो."

बिलातला पैसा वाचला हे चांगलंच झालं. पण रेघ नीट न पाहताच घरच्या माणसाला बोल लावला गेला होता, तो काकांनी परत घेतला, याचं मला जास्त समाधान वाटलं. तेव्हा पान पिवळं दिसो की फरशी काळी, आधी जवळ जाऊन बघा, मग उपाय करा.

आपला,
ऊस विकास अधिकारी