जबरी चोरी आणि दरोडा : कायदा काय मोजतो

रात्री बंद पेढीची तिजोरी फोडून कोट्यवधींचे दागिने नेले, तरी तेथे कोणी माणूस नसेल आणि कोणाला धाक दाखवला गेला नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने तो दरोडा नव्हे. उलट वाटेत एखाद्याच्या गळ्याला सुरा लावून शंभर रुपये काढून घेतले, तर ती जबरी चोरी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने १८६० च्या दंड संहितेतील ही मांडणी जवळजवळ तशीच ठेवली असून, तिच्यात मालाच्या किमतीपेक्षा माणसावर झालेल्या बळजबरीला अधिक वजन आहे, आणि ते योग्यच आहे.

संहितेच्या कलम ३०९ नुसार, चोरी करण्यासाठी किंवा चोरलेला माल नेण्यासाठी कोणाला मृत्यू, दुखापत किंवा गैरनिरोध, म्हणजे बेकायदा अडवणूक, घडवली अथवा ती तत्काळ घडेल अशी भीती घातली, तर चोरीची जबरी चोरी होते. येथे उद्देश निर्णायक असतो. माल टाकून पळणाऱ्या चोराने केवळ निसटण्यासाठी दगड मारला, तर दुखापतीचा गुन्हा वेगळा होतो, पण चोरी जबरी ठरत नाही. धमकी तत्काळ अपायाची नसून पुढे कधीतरी पाहून घेण्याची असेल, तर ते बलाद्ग्रहण, म्हणजे बोलीभाषेतली खंडणी, होय. जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत, आणि सूर्यास्त ते सूर्योदय या काळात हमरस्त्यावर केली असल्यास चौदा वर्षांपर्यंत सश्रम कारावास होऊ शकतो. तिच्यात दुखापत केल्यास शिक्षा आजन्म कारावासापर्यंत जाते.

पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली, किंवा तसा नुसता प्रयत्न केला, तरी तो कलम ३१० खालील दरोडा होतो, आणि प्रत्यक्ष हात न घालता हजर राहून मदत करणाराही त्या पाचांत मोजला जातो. दरोडा घालताना एकाने खून केला, तर टोळीतील प्रत्येकजण मृत्युदंड, आजन्म कारावास किंवा किमान दहा वर्षांच्या सश्रम कारावासाला पात्र ठरतो. टोळीच्या संख्याबळावरच लूट उभी असते, म्हणून ही सामूहिक जबाबदारी समर्थनीय आहे. मात्र दाराशी पहारा देणारा आणि गोळी झाडणारा यांना एकाच तरतुदीखाली आणल्यावर, प्रत्येकाचा वाटा तोलून शिक्षा ठरवण्याचे फार मोठे ओझे न्यायाधीशावर पडते.

कलम ३११ मात्र उलट दिशेने जाते. प्राणघातक शस्त्र वापरणाऱ्याला किंवा जबर दुखापत करणाऱ्याला किमान सात वर्षांची शिक्षा त्यात सांगितली आहे, आणि पूर्वीच्या कलम ३९७ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने फूल कुमार खटल्यात १९७५ साली स्पष्ट केले की, ही किमान मर्यादा ज्याने स्वतः शस्त्र वापरले त्यालाच लागते. अर्थात वार झालाच पाहिजे असे नाही, समोरच्याला दिसेल आणि तो घाबरेल अशा रीतीने सुरा उगारणे हाही वापरच.

प्रत्यक्ष खटल्यात पाचाचा आकडा बऱ्याचदा वादाचा होतो. आरोपपत्रात नेमके पाचच जण असतील आणि त्यांतील दोघे निर्दोष सुटले, तर उरलेल्या तिघांना दरोड्याची शिक्षा सहसा देता येत नाही. परंतु पाच जण होते हे पुराव्याने सिद्ध होऊन काहींची ओळख तेवढी पटली नसेल, तर सापडलेल्या तिघांवरही दरोड्याचा दोष ठेवता येतो.